मूस येथील रोजनिशी

कार निकोबार हे बेट मी पाहिलेले नाही. तेथे जाण्यास बाहेरच्या माणसाला शासनाची परवानगी लागते, आणि ती मागण्याइतके सबळ कारण माझ्याजवळ कधी नव्हते. तरीही गेल्या हिवाळ्यात, मराठी मुलखापासून दूर असलेल्या एका विद्यापीठात अभ्यागत म्हणून राहत असताना, माझ्या बहुतेक संध्याकाळी त्या बेटावर गेल्या. निमित्त झाले एका रोजनिशीचे.

ही रोजनिशी वेदप्पन सॉलोमन यांची. हे तमिळ ख्रिस्ती गृहस्थ १८९६ मध्ये कार निकोबारच्या उत्तर टोकावरील मूस या गावी राहावयास गेले. ते दीक्षा घेतलेले धर्मगुरू नव्हते. कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षण देणारे साधे सेवक होते. शिवाय सरकारचे प्रतिनिधी म्हणूनही त्यांना काम पाहावे लागे, आणि रोजनिशी ठेवणे हा त्या कामाचाच भाग. तिच्यातील काही उतारे १९०२ मध्ये लंडनच्या मानववंशशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अर्थात निवडणारा हात दुसऱ्याचा होता आणि त्याला रस होता तो बेटवासीयांच्या चालीरीतींत, रोजनिशी लिहिणाऱ्या माणसात नव्हे.

मला मात्र त्या उताऱ्यांत माणूसच दिसत राहिला. नारळ घेण्यासाठी आलेली जहाजे, औषध मागावयास आलेले रोगी, शाळेतली मुले, गावातील तंटे, मेजवान्या, मृत्यू. एका दिवसाखाली दुसरा दिवस. सॉलोमन कोठे थांबून निष्कर्ष काढीत नाहीत, वर्णन सजवीत नाहीत. निकोबारी गावाचे सार्वजनिक आवार, ज्याला एलपनम म्हणतात, ते समुद्रकाठी असते. जन्म आणि मृत्यू यांच्यासाठी तेथे वेगळी घरे असत. याच्या कडेला राहून हा परका माणूस वर्षानुवर्षे टिपणे करीत होता. त्यांतील काही नोंदी अंगावर काटा आणणाऱ्या आहेत. एखाद्या व्यक्तीत दुष्ट शक्ती शिरली आहे असे ठरले की गावाच्या संमतीने तिला ठार मारीत. अशा हत्यांची माहिती सरकारला कळवावयाची तीही सॉलोमन यांनीच, आणि त्याच गावांतून शाळेसाठी मुले मिळवावयाची तीही त्यांनीच. या पेचावर त्यांनी भाष्य केलेले नाही. पुढची नोंद पुढच्या दिवसाची असते, इतकेच.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. माझ्या प्रबंधात मिशनरी गद्यावर एक प्रकरण होते. त्यात फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’ला मी चाळीस पृष्ठे दिली आणि दैनंदिन्यांना एक परिच्छेद. या नोंदी साहित्यही नव्हेत आणि साहित्याचा कच्चा मालही नव्हेत, असे मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हटले होते. परीक्षकांनी त्याला हरकत घेतली नाही. वस्तुतः लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्या भाषेत आवडीने वाचली जातात, त्या भाषेच्या अभ्यासकाला चूल, आजारपण आणि पाहुणे यांचे मोल वेगळे सांगावे लागू नये. पण तुलनाकाराला ग्रंथ दिसतात. दिवस दिसत नाहीत.

निकोबारच्या बाबतीत तर दिवस टिकणे हीच अवघड गोष्ट होती. सॉलोमन यांच्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे आधी, १७६८ मध्ये, मोरावियन बंधुसंघाचे लोक नानकौरी बेटावर गेले होते. तापाने त्यांची माणसे एकामागून एक गेली. बेटावरची भाषा त्यांच्या पुरती हाती लागली नाही, आणि १७८७ मध्ये त्यांनी ते ठाणे सोडले. योहान गॉटफ्रीड हेन्सेल हे त्यांपैकी शेवटपर्यंत टिकलेले एक. त्यांची पत्रे १८१२ मध्ये लंडनला छापली गेली. ती मिळवून जरूर वाचावीत. निर्वाहासाठी हा धर्मोपदेशक शिंपले आणि साप गोळा करून ट्रांकेबारला विक्रीस पाठवी. किनाऱ्यावर रात्र झाली तर वाळूत अंगापुरता खड्डा करी, उशीसाठी वाळूचाच उंचवटा रची आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून झोपे. कुत्रे अंगावर आडवे पडून राखण करी. धर्मांतराच्या हिशेबात या मिशनचे फळ शून्य आहे. मला मात्र त्या वाळूतल्या बिछान्याचा विसर पडत नाही.

भाषा हाती न लागण्याची कारणे अनेक होती, परंतु निकोबारी भाषांविषयी नंतरच्या निरीक्षकांनी नोंदवलेली एक गोष्ट आम्हां भाषांच्या अभ्यासकांना खिळवून ठेवील अशी आहे. मृताचे नाव उच्चारावयाचे नाही, असा तेथे दंडक होता. ते नाव जर नित्याच्या वापरातला शब्द असेल तर तो शब्दही टाकावयाचा आणि त्याजागी दुसरा घ्यावयाचा. एका माणसाच्या मृत्यूने कोशातील एक नोंद पुसली जाते! त्यामुळे इतिहास सांगणेच दुष्कर होते, असे डेन्मार्कचे द रोपस्टॉर्फ यांनी एकोणिसाव्या शतकात लिहून ठेवले आहे. सॉलोमन यांच्यासारख्याने तारखेनिशी, नावानिशी नोंदी ठेवणे हे अशा समाजात किती परके कृत्य होते! मी जिला साहित्याबाहेर ठेवले, ती नोंद तेथे जवळजवळ निषिद्धच होती.

सॉलोमन १९०९ मध्ये वारले. त्यांच्या मूसच्या शाळेतील एक मुलगा पुढे मंडालेला शिकावयास गेला आणि १९१२ मध्ये शिक्षक म्हणून परतला. तेच बिशप जॉन रिचर्डसन. त्यांनी भाषांतरित केलेला नवा करार कार निकोबारी भाषेत १९५० मध्ये आला, संपूर्ण बायबल १९६९ मध्ये. त्यांच्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी लिहीत नाही. २६ डिसेंबर २००४, नाताळनंतरचा रविवार. त्सुनामीने कार निकोबारची किनाऱ्यावरची गावे उद्ध्वस्त केली, त्यांत मूसही होते. माणसे आत, उंचावर राहावयास गेली. सॉलोमन यांनी पाहिलेला किनारा आज त्या जागी त्या रूपात नाही. तो त्या उताऱ्यांत आहे, आणि तिथे तो राहिला तो सरकारी दप्तराच्या कृपेने.

हे वाचीत असताना मला वारंवार आठवत होते ते माझे वडील. कोकणातल्या एका लहान बंदरावर ते बंदरखात्यात कारकून होते आणि त्यांनाही रोज लिहिण्याची सवय होती. भरतीची वेळ, आलेले लाँच, वारा, बाजारात बांगड्याचा भाव. वर्षाला एक वही. ते गेल्यावर घर आवरताना त्या सत्तावीस वह्या मी रद्दीत दिल्या. आईने विचारले होते, “अगं, त्यातलं काही ठेवायचं नाही का?” मी वही उघडून दोन पाने वाचली आणि म्हणाले, यात काही नाही. तेव्हा माझा प्रबंध नुकताच पूर्ण झाला होता.

या हिवाळ्यात भावाला पत्राने विचारले, एखादी राहिली आहे का. त्याचे उत्तर आले. माळ्यावरच्या ट्रंकेखाली, तिचा पाय समपातळीवर यावा म्हणून सरकवलेली एक वही सापडली, १९८९ ची. वाळवीने कडा खाल्ल्या आहेत. जुलैतील एक पान त्याने उतरवून पाठवले: भरती सकाळी नऊला, लाँच आली नाही, वारा नैर्ऋत्येचा, मासळी नाही, मुलीचा ताप उतरला.