वहीतली बाकी आणि कायद्याची मुदत

आमच्या पेढीतल्या लाकडी कपाटात वडिलांच्या काळातील लाल कापडी बांधणीच्या वह्या अजूनही जपून ठेवलेल्या आहेत. त्या काळी पनवेलमध्ये भातगिरण्या चालत होत्या आणि आमचा व्यवहार तांदळाचा होता. वडिलांचा रोजमेळ असा की एका पैशाचा फरक सापडू नये. दिवाळीला वहीपूजन झाले की जुन्या बाक्या ते स्वतःच्या हाताने नव्या वहीत उतरवीत. त्यांतली एक बाकी दरवर्षी तशीच पुढे ओढली जाई. 1986 सालची, अठ्ठेचाळीस हजार रुपयांची. तेवढ्या पैशांत तेव्हा आमच्या घराचा वरचा मजला उभा राहिला असता.

माल नेणारा व्यापारी परगावचा, पण घरोब्यातला. ‘पुढच्या हंगामात नक्की’ असे तो दर वर्षी सांगे आणि वडील त्याच्या शब्दावर थांबत. चार वर्षांनी, आईच्या आजारपणात पैशांची निकड लागली, तेव्हा ते वकिलांकडे गेले. मी सोबत होतो. वकिलांनी वही पाहून तिचे कौतुक केले आणि दोनच प्रश्न विचारले. तुमच्या भागीदारी पेढीची नोंदणी झाली आहे का? आणि बाकी मान्य असल्याचा, त्या व्यापाऱ्याच्या सहीचा एखादा कागद आहे का?

दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे होते. 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार नोंदणी न झालेल्या पेढीला करारातून निर्माण झालेल्या येण्यासाठी त्रयस्थावर दावा लावता येत नाही. नोंदणी नंतरही करता आली असती. परंतु विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दाव्याची मुदत तीन वर्षांची, आणि ती उलटून गेली होती. मुदतीच्या आत त्याने सहीनिशी बाकी कबूल केली असती, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षे मिळाली असती. शिवाय केवळ वहीतील नोंद दाखवून कोणावर देणे शाबीत करता येत नाही, तिला अन्य पुराव्याची जोड लागते, हेही त्या दिवशी कळले. मुदत संपल्याने हक्क बुडत नाही, वसुलीची वाट तेवढी बंद होते, असे वकील म्हणाले. वडील परत येताना एक शब्दही बोलले नाहीत. पण पुढच्या दिवाळीला त्यांनी ती बाकी पुन्हा नव्या वहीत उतरवली.

हा प्रसंग मी विसरलो नव्हतो. तरीही तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीने आपला विचार बोलून दाखवला, तेव्हा मीच आडवा आलो. तिची वाणिज्य शाखेची पदवी झाली होती, त्यानंतर तीन वर्षांचे एल.एल.बी. झाले होते. आता तिला एल.एल.एम. करायचे होते, पण असे, की ज्यात कायदा आणि अर्थव्यवहार एकत्र शिकवले जातात. मी म्हणालो, “हिशेबाला आपले सीए आहेत, कोर्टकचेरीला वकील आहेत. दोघांची फी आपण देतोच. मग एकाच माणसाने दोन्ही शिकायचे कशाला?”

ती उठून कपाटापाशी गेली आणि आजोबांची वही घेऊन आली. “बाबा, यात हिशेब चुकला होता का?”

“नाही.”

“वकिलांनी सल्ला चुकीचा दिला?”

“तोही नाही.”

“मग पैसे कुठे बुडाले? वही लिहिणाऱ्याला मुदत ठाऊक नव्हती आणि मुदत जाणणाऱ्याकडे वही चार वर्षे उशिरा पोहोचली.”

मला उत्तर सुचले नाही.

तिने निवडलेला अभ्यासक्रम आपल्या पनवेलच्या उशालाच आहे, हे मला माहीत नव्हते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने दांड फाट्याला वळले की रसायनी-मोहोपाड्याचा भाग लागतो. आमच्या पिढीला तो परिसर रासायनिक कारखान्यांमुळे परिचित. तिथेच पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रात ‘एनआयएसएम’ ही रोखे बाजारविषयक राष्ट्रीय संस्था आहे. 1992 च्या रोखे घोटाळ्याने देश हादरला, त्याच वर्षी सेबीला कायद्याचे अधिकार मिळाले. आणि पुढे 2006 मध्ये सेबीने या बाजाराचे शिक्षण देण्यासाठी ही संस्था स्थापन केली. पाताळगंगेच्या संकुलाचे उद्घाटन 24 डिसेंबर 2016 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. मुंबईच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या सहकार्याने तेथे गुंतवणूक व रोखे कायद्यातील एल.एल.एम. शिकवले जाते. एक वर्षाचा, पूर्णवेळ अभ्यासक्रम. प्रवेशासाठी कायद्याची पदवी आवश्यक. दूर इंग्लंडात ऑक्सफर्ड विद्यापीठातही विधी विभाग आणि तेथील व्यवस्थापन विद्यालय मिळून कायदा व वित्त यांची एकत्रित पदव्युत्तर पदवी देतात, हे मुलीने सांगितले. म्हणजे ही गरज केवळ आपल्या पेढीची नव्हती.

तिने प्रवेश घेतला. सुट्टीत घरी आली की ती ताळेबंदाविषयी बोले, आणि तिचे बोलणे मला नवे वाटे. ताळेबंदात ‘येणे’ या शीर्षकाखाली रक्कम दिसली की मी बेरजेकडे पाहतो. ती विचारते, यातले वसूल होण्याजोगे किती, कोणत्या कागदाच्या आधारे, आणि कोणत्या तारखेपर्यंत. कर्जाच्या करारात मी व्याजाचा दर वाचतो. ती हमीचे कलम आधी वाचते. आकडा आणि अधिकार ती एकाच नजरेने पाहायला शिकत होती.

एका रविवारी तिने आमच्याच पेढीचे करारपत्र मागितले. सिडकोमुळे नवीन पनवेल आणि खारघर वाढले, तसे आम्ही तांदूळ सोडून बांधकामाच्या सामानाकडे वळलो. वडिलांच्या अनुभवानंतर आम्ही नोंदणी केली होती, तेवढ्यावर मी निश्चिंत होतो. भागीदार दोघेच, मोठे बंधू आणि मी. करारपत्र वाचून ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बाबा, कटू वाटेल, पण सांगते. भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते, असा सर्वसाधारण नियम आहे. ‘पेढी चालू राहील’ असे करारात लिहिता येते. पण भागीदार दोनच असतील तर त्या लिहिण्याचाही उपयोग नाही. एकटा माणूस भागीदारी कशी चालवणार?”

पुढचे तिने हिशेबाच्या भाषेत मांडले. अशा वेळी बँक कॅश क्रेडिटचे खाते सहसा थांबवते. पुरवठादारांची देणी मात्र थांबत नाहीत, आणि त्यांना भागीदाराची वैयक्तिक मालमत्ताही बांधील असते. मागे राहिलेल्या कुटुंबाचा वाटा कसा ठरवायचा, गोदामातील माल खरेदीच्या भावाने धरायचा की बाजारभावाने, पेढीच्या नावाची किंमत किती, याबद्दल आमच्या करारात एक ओळही नव्हती. गेल्या वर्षी दादांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा आम्ही केवढ्या संकटाच्या काठावर उभे होतो, हे मला त्या दिवशी उमगले.

दादांसमोर विषय काढला आणि ते दुखावले. “भावाभावांत आता कागद करायचा? मी जाण्याची वाट पाहताय का?” एवढेच बोलून ते उठले. चाळीस वर्षे एका गादीवर बसलेले आम्ही दोघे, पुढचे दोन महिने कामापुरतेच बोललो. मुलीला वाटले, आपल्या शिक्षणाने घर दुभंगले.

संवत्सरीच्या दिवशी प्रतिक्रमणानंतर दादा स्वतः आमच्याकडे आले. मिच्छामि दुक्कडम् म्हणून झाल्यावर त्यांनी मुलीला जवळ बसवले आणि विचारले, “कागद केला तर तुझ्या काकीला काय मिळेल, ते मला नीट समजावून सांग.” तिने आकडे आणि कलमे शेजारी शेजारी लिहून दाखवली. रात्री अकरापर्यंत ते बसले होते. शेवटी दादा म्हणाले, “यात माझ्यापेक्षा तुझ्या काकीची सोय जास्त आहे. हे मला पहिल्याच दिवशी सांगायचे होते.” ती चूक माझी होती. मी त्यांना कायदा सांगितला, त्यामागची काळजी सांगितली नाही.

नव्या करारात दादांचा मुलगा आणि माझी मुलगी भागीदार झाले आहेत. वाट्याचे मूल्य दरवर्षी ताळेबंदासोबत ठरवायचे आणि त्यावर सर्वांनी सही करायची, असे कलम तिने घातले. मर्यादित दायित्वाच्या भागीदारीत, म्हणजे एलएलपीत, पेढीचे रूपांतर करावे का, याचा विचार अजून चालू आहे.

आपल्या धर्माने गृहस्थाच्या अस्तेय व्रताचे अतिचार सांगताना खोटी मापे आणि राज्याच्या नियमांचे उल्लंघन एकाच यादीत ठेवले आहेत. सत्य व्रताच्या अतिचारांत खोटा लेख आणि ठेवीचा अपहार हेही शेजारी आहेत. व्यापाऱ्याची शुद्धता माप आणि नियम या दोन्ही अंगांनी पाहायची, ही दृष्टी आपल्याला नवीन नाही. घरातील मुलगा वा मुलगी वाणिज्यानंतर कायद्याकडे वळू पाहत असेल, तर ‘दुकानाचे काय’ हा प्रश्न मीही विचारला होता. आज एवढेच सांगेन, की त्या शिक्षणाचा पहिला लाभ दुकानालाच झाला.

या दिवाळीला वहीपूजनानंतर बाक्या मुलीने उतरवल्या. 1986 सालची ती बाकी तिने नव्या पानावर घेतली नाही. जुनी वही मात्र कपाटात आहे, आणि तिच्यावर आमचे नोंदणीकृत करारपत्र ठेवले आहे.