काटो खंय गेलो?

सोलापुरात समुद्र नाही, असं म्हणून हा विषय एका वाक्यात संपवता येईल. पण मासेखाऊ माणसांचे विषय इतक्या लवकर संपत नाहीत, बॉस! आपल्याकडे उजनी आहे. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं आणि ज्वारीच्या भाकरीशेजारी रोहू, कटला, चिलापी येऊन बसले. प्रॉब्लेम एकच. रोहू-कटल्याच्या मांसात इंग्रजी वाय आकाराचे बारीक काटे असतात. ते काढायला तरुण डोळे लागतात.

माझी आजी वेंगुर्ल्याची. लग्न करून सोलापुरात आली, शेंगाचटणीवर प्रेम करायला शिकली, पण मासा सोडला नाही. तो सुटला नजर अधू झाल्यावर. एकदा घशात काटा अडकला आणि तेव्हापासून ताटात मासा आला की ठरलेलं वाक्य, ‘‘माका नको गो, पोट भरलां.’’ पोट भरलेलं नसायचं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आम्ही काटे काढून द्यायचो, पण दुसऱ्याच्या हातचा चिवडलेला मासा खायचा म्हणजे तिला स्वतःचं म्हातारपण ताटात वाढून घेतल्यासारखं वाटायचं.

गेल्या वर्षी टोरांटोहून आलेल्या मावशीच्या बॅगेतून चॉकलेटांबरोबर सॅमनचे डबे निघाले. आपल्या हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर ‘इंडियन सॅमन’ म्हणून मिरवतो तो रावस. त्याचा या सॅमनशी काही नातेसंबंध नाही. खरा सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या नदीत परततो. म्हणजे नोकरीसाठी पुण्याला गेलेला आणि वीकेण्डला हुतात्मा एक्स्प्रेस पकडणारा सोलापूरकरच म्हणा ना!

पण डब्यातली खरी गंमत वेगळीच आहे. तुकडे आणि मीठ डब्यात भरतात, झाकण सील करतात आणि मग सीलबंद डबाच वाफेच्या दाबाखाली, शंभर अंशांच्या बऱ्याच वर शिजवतात. त्यामुळे जंतू मरतात आणि डबा फ्रिजबाहेर टिकतो. शिवाय आतला काटा इतका मऊ होतो, की चिमटीत त्याचं पीठ होतं. तो खायचा असतो. कॅल्शियम त्यातच! (लेबलवर ‘बोनलेस’ लिहिलेलं असेल, तर हा फायदा गेला. डबा फुगलेला असेल, तर उघडायचाही नाही.)

आता सोलापुरी फण्डा. पाणी निथळून काट्यासकट सॅमन कुस्करा. एक उकडलेला बटाटा, कांदा, आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू. मीठ बेताने, कारण डब्यात ते आधीच आहे. ब्रेडक्रम्ब्सऐवजी कडक भाकरी मिक्सरमधून भरड काढा. थोडी आत, थोडी बाहेरून. चपटे कटलेट तव्यावर खरपूस भाजा. शेजारी शेंगाचटणी आणि दही. कालवण करायचं असेल, तर रस्सा आधी पूर्ण उकळू द्या आणि सॅमन शेवटची दोन मिनिटं घाला. तो शिजलेलाच आहे, जास्त ढवळलात तर भुगा होईल.

आजीने पहिलं कटलेट सवयीने बोटांनी चाचपलं. मोडलं, पुन्हा चाचपलं. ‘‘काटो खंय गेलो?’’ म्हटलं, ‘‘आजी, आतच आहे, खाऊन टाक.’’ तिने खाल्लं. मग दुसरं उचललं आणि सुनावलं, ‘‘सोलां घालूक व्हयी होती.’’ टीका सुरू झाली म्हणजे जेवण आवडलं, हा आमच्या घरचा नियम.

आयात डबा महाग. तो काही रोजचा पाहुणा नाही, आणि मावशीही दर महिन्याला येत नाही. पण डब्याची युक्ती मात्र फुकट आहे: दाब आणि वेळ. उजनीची बारीक मासळी साफ करून चिंचेचा कोळ आणि भरपूर पाणी घालून कुकरला मंद आचेवर तासभर ठेवली, की तिचेही काटे मऊ पडतात. वाढण्याआधी एक काटा चिमटीत दाबून बघायचा. मोडला तर ताट मांडा, नाही तर आणखी थोडा वेळ शिजवा. तुमच्याही घरी कुणाचं ‘पोट भरलेलं’ असेल, तर येत्या रविवारी हा कुकर लावून बघाच.