ग्रीगचा कॉन्सर्टो आणि मिस्टर प्रिव्ह्यू

‘द मोरकम अँड वाइज शो’चा १९७१ चा नाताळ विशेष भाग २५ डिसेंबरला बीबीसीवर दाखवला गेला. शर्ली बॅसी गात असताना तिच्या पायात भलामोठा बूट चढवला जातो, तो प्रसंगही याच भागातला. तो बहारदार आहेच. पण हा भाग ओळखला जातो पियानोच्या प्रहसनामुळे.

कल्पना नवी नव्हती. एरिक मोरकम आणि अर्नी वाइज या विनोदी जोडीच्या आधीच्या मालिकेत, १९६३ मध्ये, ती येऊन गेली होती आणि तेव्हा वाद्यवृंदाचे संचालन अर्नीच करत होता. १९६८ मध्ये एरिकला हृदयविकाराचा झटका आला, जुने लेखक दुरावले आणि लेखन लिव्हरपूलच्या एडी ब्रेबनकडे आले. प्रहसन नव्याने लिहिताना ब्रेबनने अर्नीच्या जागी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचा प्रमुख संचालक आंद्रे प्रेव्हिन याला उभे केले. विनोदी नट संचालकाचा आव आणतो तेव्हा पणाला काहीच लागत नाही. इथे मात्र खऱ्या संगीतकाराची खरी अब्रू पणाला लागली.

प्रेव्हिनला आणलेले असते फसवून. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन वाजवणार, असे अर्नीने त्याला सांगितलेले. प्रत्यक्षात वादक म्हणून एरिक हजर होतो. वर प्रेव्हिनची ओळख ‘मिस्टर अँड्र्यू प्रिव्ह्यू’ अशी करून दिली जाते. (लंडनचे टॅक्सीवाले पुढे कित्येक वर्षे त्याला याच नावाने हाक मारत.) वाजवायचा असतो संगीतकार ग्रीगचा ‘ए मायनर’मधला पियानो कॉन्सर्टो. मूळ रचनेत टिंपनी क्षणभर घुमते आणि लगेच पियानो कोसळतो. एरिकची तक्रार नेमकी तीच: सुरुवात फार आखूड आहे, पियानोपर्यंत पोहोचायला वेळ मिळत नाही, तेव्हा ती गजभर वाढवावी. ज्यांना रचना ठाऊक आहे, त्यांना इथे दुप्पट हसू येते.

आई आजारी असल्याने प्रेव्हिनला अमेरिकेला जावे लागले होते, त्यामुळे तालमी जेमतेम झाल्या. विमानतळावरून येताना त्याने टॅक्सीत टॉर्चच्या उजेडात संवाद पाठ केले. एरिक धास्तावलेला होता. मग प्रहसनात प्रेव्हिन बॅटन, म्हणजे संचालनाची छडी, आणायला निघतो, क्षणभर थांबतो आणि ती शिकागोत आहे असे सांगतो. हा थांबा इतका अचूक आहे की प्रेक्षागृह हास्याने फुटते. एरिकच्या चेहऱ्यावरचा सुटकेचा भाव अभिनयाचा वाटत नाही.

एरिक अखेर वाजवतो ते ग्रीगशी नाते न सांगणारे ठुमकते काहीतरी. प्रेव्हिन जाब विचारतो, तेव्हा एरिक त्याच्या कोटाची कॉलर धरून शांतपणे बजावतो की सूर सगळे बरोबरच आहेत, क्रम मात्र तोच असेल असे नाही. हे वाक्य इंग्लंडभर गाजले. त्याची ताकद एरिकच्या गांभीर्यात आहे: त्याला आपण चुकलो असे क्षणभरही वाटत नाही आणि प्रेव्हिनही एकदाही हसत नाही. दोघांपैकी एकानेही प्रेक्षकांकडे पाहून डोळा मारला असता, तर सगळे ढासळले असते.

मग प्रेव्हिन तो भाग नीट वाजवून दाखवतो; एरिक ऐकून घेतो आणि भिकार ठरवतो. एरिक आणि अर्नी निघून जाऊ लागतात, तेव्हा प्रेव्हिन एरिकचीच धाटणी वाजवायला लागतो आणि ते आनंदाने नाचत परततात. विनोद म्हणून हा शेवट आधीच्या झटापटीपेक्षा सौम्य आहे, पण भांडण मिटवायला तो पुरतो.