दोघे, दोन सायकली आणि डॅन्यूब

"लाखांनी रुपये खर्चून युरोपात जायचं, आणि तिथं जाऊन करायचं काय, तर सायकल चालवायची! मग पुणं काय वाईट होतं?"

हा प्रश्न आमच्या थोरल्या वहिनींचा. पाठोपाठ दुसराही होताच : "आणि तेसुद्धा पितृपक्षात?"

पहिल्या प्रश्नात तथ्य नव्हते असे नाही. पुणे हे एके काळी सायकलींचेच शहर. मी कॉलेजात सायकलवर गेलो, आणि आमच्या सौ.नेही लग्नापूर्वी टिळक रस्त्यावरून लेडीज सायकल दामटली आहे. पण आजच्या पुण्यात एकसष्टाव्या वर्षी सायकल बाहेर काढायची, म्हणजे आधी मृत्युपत्र करून ठेवलेले बरे. पितृपक्षाबद्दल म्हणाल, तर वडिलांची तिथी मी निघण्यापूर्वीच उरकली होती, आणि वडील स्वतः आयुष्यभर सायकलवर हिंडलेले. ते रागावले असतील असे मला वाटत नाही.

पण खरे कारण निराळेच होते. २०२३च्या डिसेंबरात माझ्या हृदयात दोन स्टेंट बसले. मी आठवड्यात घरी आलो. पण घर काही पूर्ववत झाले नाही. मी जिना चढलो की सौ.चे डोळे माझ्या छातीवर. रात्री जाग आली तर ही उशाशी कान देऊन माझा श्वास मोजते आहे! आम्ही बोलायचो ते गोळ्यांबद्दल, मिठाबद्दल आणि पुढच्या तपासणीबद्दल. असे दीड वर्ष गेले. म्युनिकला नोकरी करणाऱ्या आमच्या कन्येच्या ते ध्यानात आले असावे. एके दिवशी तिचा फोन आला, "बाबा, डॅन्यूबच्या काठानं सायकलवर जा. आईला घेऊन."

डॉक्टर ना म्हणतील अशी माझी खात्री होती. त्यांनी ट्रेडमिलवर पळवले, कागद पाहिले आणि म्हणाले, "जा. पण एक नियम. सायकल चालवताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटलं, की उतरायचं." हे ऐकताना सौ.ने मान डोलावली. त्या क्षणापासून तो नियम आमच्या घरचा कायदा झाला.

मग आमचा बेत सुरू झाला. बेत करण्याची मला हौस भारी. पासाऊ ते व्हिएन्ना हा रस्ता आम्ही निवडला. पासाऊ हे जर्मनीच्या सीमेवरचे गाव, व्हिएन्ना ऑस्ट्रियाची राजधानी. मध्ये नदीकाठाने सव्वातीनशे किलोमीटर. एरवी आगगाडी हे अंतर अडीच तासांत तोडते. हा रस्ता म्हणजे अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत गेलेल्या 'यूरोव्हेलो ६' या लांबलचक सायकलमार्गाचा एक तुकडा. नवख्यांना तो का सांगतात, याचे कारण साधे आहे. नदीबरोबर आपणही उताराकडे जातो. तो उतार असा कितीसा? साऱ्या वाटेत दीडशे मीटरही नाही. पण चढ नाही, हे काय थोडे झाले? शिवाय वारा तिकडे बहुतेक पश्चिमेचा, म्हणजे पाठीवर. 'बहुतेक' या शब्दाकडे मी तेव्हा लक्ष दिले नाही.

महिना सप्टेंबर ठरला. जुलै-ऑगस्टात तिथे गर्दी आणि ऊन. ऑक्टोबरात थंडी, आणि नदी ओलांडून देणाऱ्या छोट्या नावाही हळूहळू बंद होतात. सप्टेंबरात मळ्यांतली द्राक्षे पिकतात. गणपती पोचवून निघायचे, असे ठरले.

मी पहिले कोष्टक केले ते पाच दिवसांचे. रोज पासष्ट किलोमीटर. सौ.ने ते चष्मा लावून वाचले आणि विचारले, "हे कुणासाठी केलंय? २०२३च्या आधीच्या तुमच्यासाठी का?" मग आम्ही खडकवासल्याच्या रस्त्याला लागलो. पहाटे निघून जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर व्हायचे. चार-सहा फेऱ्यांनंतर कोष्टक आठ दिवसांचे झाले. रोज सरासरी चाळीस. वाचकहो, कुणाला असा बेत करायचा असेल तर एवढे लक्षात ठेवा : आपल्याला एका दिवसात किती जमते ते पाहू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा किती जमते ते पाहा. त्या सरावात आणखी एका अवयवाची परीक्षा होते. कौटुंबिक अंकात त्याचा उल्लेख नको. गादी शिवलेली तुमान मिळते, ती घ्या, आणि नवी कोरी नेऊ नका.

सायकलस्वाराला वाटते, जिथे दमलो तिथे मुक्काम करावा. व्हिसाच्या अर्जाला मात्र प्रत्येक रात्रीचा पत्ता हवा असतो. यावर तोडगा एकच, ऐनवेळी रद्द करता येतील अशा खोल्या घ्यायच्या. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, तर जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. आम्ही लेकीकडे पंधरा दिवस राहणार, म्हणून जर्मनीकडे केला. सहा महिने आधीपासून तो करता येतो. शेवटच्या पंधरवड्यापर्यंत थांबून चालत नाही. त्याला निदान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो.

या विम्यापाशी गाडे अडले. विमा काढून देणारे गृहस्थ मोठे मायाळू. ते म्हणाले, "काका, स्टेंटचं लिहू नका. लिहिलंत की हप्ता वाढतो. कोण बघायला येतंय?" खोटे कशाला सांगू, मी पेन उचलले होते. सौ. शांतपणे म्हणाली, "तिकडं काही झालं आणि त्यांनी पैसे नाकारले, तर ऑस्ट्रियातल्या दवाखान्यात मी एकटी काय करू?" आम्ही सगळे खरे लिहिले. आधीपासूनच्या आजारालाही संरक्षण देणारा विमा शोधला. हप्ता दीडपट पडला. त्या दिवशी घरी येताना ही रिक्षात काही बोलली नाही. हिला कशाची धास्ती आहे, ते मला दीड वर्षात पहिल्यांदा नीट कळले.

सायकली विमानातून नेण्याच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. पासाऊला भाड्याने घेऊन व्हिएन्नाला परत करता येतात. आता साधी घ्यायची की बॅटरीची? तिथल्या बॅटरीच्या सायकलीवर नुसते बसून भागत नाही. पायडल मारले तरच मोटर हात देते, आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या पुढे तो हातही काढून घेते. सौ.ने मुकाट्याने बॅटरीची घेतली. मी म्हणालो, "मला साधी." पुरुषाची जात! मोठे सामान लेकीकडे ठेवले, आणि प्रत्येकी सात किलोची पडशी मागच्या चाकावर दोन्ही अंगांना टाकली.

१२ सप्टेंबर २०२५ रोजी पासाऊहून निघालो. या गावात तीन नद्या मिळतात. नगरभवनाच्या मनोऱ्यावर पुराच्या खुणा कोरल्या आहेत. २०१३च्या जूनमधला पूर १५०१ सालानंतरचा सर्वांत मोठा. सौ. त्या खुणांकडे बघत राहिली. पानशेतच्या पुराची अशीच खूण हिच्या माहेरच्या वाड्यात होती.

पहिल्या शंभर पावलांत मी पडता पडता वाचलो. आपल्याकडे पायडल उलटे फिरवले की ते नुसते फिरते. माझ्या सायकलीला तसे केल्यावर ब्रेक लागत होता! त्यात रस्त्याची बाजू उजवी. तेव्हा दुकानाच्या आवारात अर्धा तास घिरट्या घाला आणि मगच रस्त्यावर या.

मग मात्र स्वर्गच. डाव्या हाताला नदी, उजवीकडे रान, मध्ये गुळगुळीत वाट. सौ. मागून येई आणि नियमाप्रमाणे प्रश्न विचारी. पहिल्या दिवशी प्रश्न परीक्षेचे होते : "आज काय वार आहे? गोळी घेतलीत का?" श्ल्योगेनपाशी नदी डोंगराला आपटून जवळजवळ माघारी वळते. तिथल्या वळणावर हिने एकाएकी विचारले, "तुमची बडोद्याला बदली झाली होती, तेव्हा तुम्ही नाही का म्हणालात?" या प्रश्नाला तीस वर्षे झाली होती. एका वाक्यात उत्तर देण्यासारखा तो नव्हता. मी पाच किलोमीटर बोलत होतो.

पुढे मग बोलायला विषयांचा तोटा पडला नाही. काठावर बोटींसाठी आकड्यांच्या पाट्या असतात; ते अंतर समुद्रापासून उलटे मोजलेले. पासाऊपाशी २२२५च्या आसपास असलेला आकडा व्हिएन्नापर्यंत १९३०च्या घरात उतरतो. आम्ही एकेका पाटीला एकेक वर्ष आठवायचा खेळ केला. आमची वर्षे फार लवकर संपली.

तिसरा दिवस रविवारचा. ऑस्ट्रियात रविवारी वाण्याची दुकाने बंद. हे ठाऊक असल्यामुळे शनिवारीच लिंझला पाव, चीज आणि सफरचंदे घेऊन ठेवली होती; तुम्हीही ठेवा. त्या दिवशी मुद्दामच पंचवीस किलोमीटरचा टप्पा ठेवला होता, कारण वाटेत माउटहाउझेन येते. १९३८ ते १९४५ या काळात नाझींची छळछावणी तिथल्या टेकडीवर होती. एक लाख नव्वद हजारांच्या आसपास माणसे तिथे आणि तिच्या उपछावण्यांत कोंडली गेली, आणि त्यांतली निदान नव्वद हजार मेली. चढ मोठा, म्हणून टॅक्सीने वर गेलो. वरून डॅन्यूबचे खोरे फार सुंदर दिसते. ते सुंदर दिसते याचीच लाज वाटत होती. उतरल्यावर सायकली घेऊन खोलीवर जाईपर्यंत ही एक शब्द बोलली नाही, आणि मीही नियमाची आठवण केली नाही.

मेल्कचा पिवळाधमक मठ पाहून आम्ही वाखाऊच्या खोऱ्यात शिरलो. दोन्ही तीरांना द्राक्षांचे मळे आणि जर्दाळूच्या बागा. ड्यूर्नश्टाइनच्या टेकडीवर पडका किल्ला आहे. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२-९३च्या हिवाळ्यात त्या गावी कैदेत होता. तिथल्या खानावळीत सौ.च्या पुढे जर्दाळू भरून उकडलेला, लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवलेला गोळा आला. ही म्हणाली, "मोदकच की हो! नुसती कळी पाडायची राहिली." मी 'राडलर' मागवले. या शब्दाचा अर्थ सायकलस्वार. बिअर आणि लिंबाचे गोड पाणी निम्मे-निम्मे. डॉक्टरांच्या नियमात त्याचा उल्लेख नव्हता.

क्रेम्स सोडले आणि त्या 'बहुतेक' शब्दाने आम्हाला गाठले. वारा पूर्वेचा. इथे डोंगर संपतात. उघडे मैदान, आडोसा नाही. दहा-बारा किलोमीटरनंतर सौ.ने मागून विचारले, "लेकीला काय न्यायचं?" मी म्हणालो, "तिला आपण..." आणि पुढचा शब्द आला नाही.

"उतरा," ही म्हणाली.

बाकावर बसलो. छातीत दुखत नव्हते, नुसता दम होता. मी पाणी प्यालो. ही काही न बोलता उठली, दोन्ही बैठकींची उंची बदलली आणि बॅटरीची सायकल माझ्या पुढ्यात आणून उभी केली. या भाड्याच्या सायकलींचा दांडा खाली वाकवलेला असतो; लेडीज-जेन्ट्स असा भेद राहत नाही. माझा अभिमान तेवढा होता, तो त्या बाकावर ठेवून आलो.

बॅटरीने वाऱ्याला पुसून टाकले. मी मजेत पुढे जाऊ लागलो. मोठमोठी वाक्ये बोललो. तुल्न पाच-सहा किलोमीटर राहिले असेल तेव्हा माझ्या ध्यानात आले, की बराच वेळ मागून प्रश्नच आलेला नाही. मी वळून पाहिले. ही पन्नास पावले मागे होती, मान खाली, तोंड लालबुंद. मी थांबलो.

"दमलीस का?"

"नाही."

हे काही पूर्ण वाक्य नव्हे. आठ दिवसांच्या बेतात, कोष्टकात, विम्याच्या अर्जात, डॉक्टरांच्या खोलीत, हिला किती दम लागतो हे कुणी विचारलेच नव्हते. दीड वर्ष माझा श्वास मोजणाऱ्या या बाईचा श्वास मी त्या दिवशी प्रथम ऐकला. आम्ही उरलेले अंतर सायकली हातात धरून चालत गेलो. तुल्नला पोचायला दिवे लागले.

सकाळी वारा तसाच होता. व्हिएन्ना चाळीस किलोमीटरांच्या आत. "तुमची पाटी पुरी व्हायची राहील," ही म्हणाली. मी म्हणालो, "राहू दे. गाडीनं जाऊ." सायकलींचे वेगळे तिकीट काढावे लागले. गाडीत सायकलींना जागा असते. आम्हालाही खिडकी मिळाली. ही खांद्यावर डोके टेकून व्हिएन्ना येईपर्यंत गाढ झोपली होती.

आल्यावर वहिनींनी विचारले, "झाली का पुरी सायकल?" सौ. म्हणाली, "चाळीस किलोमीटर ठेवलेत शिल्लक." पुढच्या सप्टेंबरचे कोष्टक सध्या चालू आहे. या वेळी ते ही करते आहे, आणि दोन्ही सायकली बॅटरीच्या आहेत. खडकवासल्याच्या रस्त्यावर आता मी मागून जातो. प्रश्न मी विचारतो.