कचेरीत उरलेल्या प्रती

विद्यापीठातल्या माहिती-सुरक्षेचा विषय निघाला की बोलणे हमखास पासवर्डवर येते. तो किती अक्षरांचा असावा, कधी बदलावा, टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर कोणी लिहून ठेवला आहे. चर्चा रास्तच आहे, पण माझ्या मते आपल्याकडच्या महाविद्यालयांना मोठा धोका आहे तो विद्यार्थ्यांकडून घेतलेल्या आणि काम झाल्यावरही कुठेतरी पडून राहिलेल्या कागदांच्या प्रतींचा. तेलंगणातल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले आणि 2016 पासून निर्मल जिल्ह्यात गेलेले मुधोळ डोळ्यांसमोर ठेवून हे म्हणतो आहे. शेजारी बासरला 2008 साली सुरू झालेले राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ, जिथे मुले दहावीनंतर सहा वर्षांसाठी येतात. सीमा ओलांडली की महाराष्ट्रातले धर्माबाद, पुढे नांदेडचे विद्यापीठ. एकाच घरातल्या दोन भावंडांचे आधार, पासबुक आणि जातीचा दाखला दोन राज्यांच्या कचेऱ्यांत फिरत असू शकतात.

कुठल्याही महाविद्यालयाची प्रवेशाच्या दिवसांतली खिडकी पाहा. रांग दारापर्यंत, साइट अडकलेली, स्कॅन पुसट. क्लार्क म्हणतो, ‘व्हॉट्सॲपवर टाक रे, बघतो.’ यात त्याचा हलगर्जीपणा नाही. रांग हलवायची तर त्याच्या हाती दुसरा उपाय नसतो. पण त्या क्षणी शंभर मुलांचे आधार त्याच्या स्वतःच्या फोनच्या गॅलरीत गेले. बॅकअप चालू असेल तर तिथून ते आपोआप गुगल फोटोजमध्ये चढतात, संध्याकाळी फोन घरातल्या पोरांच्या हाती जातो आणि दोन वर्षांनी एक्सचेंजमध्ये दुकानदाराकडे. दुसरी प्रत झेरॉक्स सेंटरच्या संगणकात, डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये. मुलाने प्रिंटसाठी उघडलेले मेलही बऱ्याचदा तसेच उघडे राहिलेले.

‘खेड्यातल्या मुलाच्या आधारचे कोण काय करणार?’ असे विचारणाऱ्यांनी पेद्दपल्ली जिल्ह्यातले 2018 सालचे प्रकरण आठवावे. ते याच तेलंगणातले. सिमकार्ड विकणाऱ्या एकाने जमिनीच्या खरेदीखतांच्या प्रती नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवल्या. त्यांवर आधार क्रमांक होता आणि अंगठ्याचा ठसाही. रबरी शिक्के बनवण्याच्या यंत्रावर त्याने त्या ठशांच्या प्रतिकृती केल्या आणि त्यांच्या जोरावर हजारो सिमकार्डे चालू केली. विक्रीचे टार्गेट गाठायचे, एवढाच हेतू सांगितला गेला. त्यासाठी कुणाचा पासवर्ड फोडावा लागला नाही. आणि हे सिमपुरते थांबत नाही. आधारवर चालणाऱ्या बँक-व्यवहारात खात्यातून पैसे काढायला क्रमांक, बँकेचे नाव आणि ठसा पुरतो. ओटीपी लागत नाही. शिष्यवृत्तीचे पैसे ज्या खात्यात येतात ते बहुधा आधारशी जोडलेलेच असते. म्हणून बायोमेट्रिक लॉक करण्याची सोय विद्यार्थ्याला प्रवेशाच्याच दिवशी दाखवून द्यावी, असे मला वाटते. मिनिटभराचे काम आहे.

माझे सहकारी म्हणतील, मोठे नुकसान मेलवरूनच होते, आणि ते पुराव्यानिशी म्हणतील. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात 2019 च्या ऑक्टोबरमध्ये एका फसव्या मेलमधला दुवा उघडला गेला. चोर दोन महिने आत वावरले आणि 23 डिसेंबरला शेकडो सर्व्हरना कुलूप लावून बसले. सुटकेसाठी विद्यापीठाला 30 बिटकॉइन मोजावे लागले. मान्य. पण फसवा मेल किंवा फोन खरा वाटतो कशामुळे? समोरच्याला मुलाचे नाव, शाखा, बँक आणि शिष्यवृत्तीच्या अडकलेल्या हप्त्याची रक्कम ठाऊक असते म्हणून. ही माहिती त्याला पुरवतात त्या मागे राहिलेल्या प्रतीच. त्यात आपल्याकडे सावधगिरीचा मेसेज येतो इंग्रजीत किंवा तेलुगूत, आणि चोर बोलतो हिंदीत, नाहीतर गोड मराठीत.

ऑडिटचा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘उद्या तपासणीत कागद मागितला तर?’ या भीतीने कचेरी सगळेच ठेवते. सरकारचाही गोंधळ झालेला आहे: मे 2022 मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने झेरॉक्स प्रती वाटू नका असे पत्रक काढले आणि गहजब होताच दोन दिवसांत ते मागे घेण्यात आले. मग क्लार्कने काय समजायचे? तरी वाट आहे. शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार प्राधिकरणच देते, आणि ओळख पटवण्याच्या बहुतेक कामांना ते चालते. 2023 चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदाही सांगतो की हेतू संपला आणि दुसऱ्या कायद्याची सक्ती नसली, की माहिती पुसून टाकावी. तपासणीसाठी एक प्रत, एका जागी, एका जबाबदार माणसाकडे ठेवा. बाकीच्या सात ठिकाणच्या प्रतींची ऑडिटरला काडीचीही गरज नसते. मात्र हे ‘जागरूकता सप्ताहा’तल्या भाषणाने होणार नाही. कचेरीचा स्वतःचा फोन हवा, खिडकीपाशी चालणारा स्कॅनर हवा आणि प्रवेश संपल्यावर पुसापुशीसाठी क्लार्कला कामाच्या वेळेतली दुपार मिळायला हवी.

राहिले झेरॉक्स सेंटर. ते विद्यापीठाच्या हुकमतीत नाही, आणि त्याच्यावर नियम लादण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. दुकानदार बिचारा दोन रुपयाला पान काढून देतो. प्रवेशाच्या महिन्यात एक प्रिंटर आवारात ठेवला, तर त्याच्या दुकानापर्यंत कागद जाण्याचे निम्मे कारण संपेल. यावर खर्चाचा आक्षेप येईल. तो करणाऱ्याने आपल्याच कचेरीतल्या प्रवेश-फॉर्मवर आधारची झेरॉक्स किती वेळा मागितली आहे, ते आधी मोजावे.