नमाजी आहे, आणखी काय पाहिजे?

गेल्या जूनमध्ये शाळेतली एक तरुण सहशिक्षिका स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी येऊन बसली. तिची बाळंतपणाची रजा नुकतीच संपली होती. म्हणाली, "आपा, घरात राहून बाळ सांभाळेल अशी कुणी बाई आहे का ओळखीत? नमाजी असली म्हणजे झालं."

बारा वर्षांपूर्वी मीही अगदी हेच म्हणाले होते. त्याचं पुढे काय झालं, ते त्या दिवशी मी तिला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. तोवर घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यात माझीच चूक जास्त होती.

साल 2013. आम्ही सोलापुरात. धाकटा साडेसहा महिन्यांचा, थोरली दुसरीत, माझ्याच शाळेत. माझी 180 दिवसांची रजा संपलेली. मुलांचे अब्बा नोकरीसाठी पुण्यात, शनिवारी रात्री येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. सासूबाईंचा इंतकाल आदल्याच वर्षी झाला होता. माझी अम्मी बार्शीत, अब्बांच्या आजारपणात अडकलेली. मोहल्ल्यात पाळणाघर नव्हतं. एका नातलगाने सुचवलं, गावाकडची बारा-तेरा वर्षांची एखादी पोरगी आणून ठेवा, स्वस्तात पडेल. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला 2006 पासून बंदी आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी ती पोरगी माझ्या वर्गात बसायला हवी, माझ्या पाळण्याशी नाही. तेवढं एक मी बरोबर केलं.

मग गल्लीतल्या चाचींनी एक बाई आणली. पंचेचाळिशीची, विजापूरकडची, हातात एकच कापडी पिशवी. बेवा आहे, एकटी आहे, असं चाची म्हणाल्या. मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी मला गप्पच केलं, "नमाजी है, और क्या होना तुमको?" खरंच, आणखी काय हवं? महिना चार हजार, जेवणखाण, दोन ईदला कपडे असं ठरलं. आम्ही तिला खाला म्हणू लागलो.

आम्ही काहीच खबरदारी घेतली नाही असं नाही. मुलांच्या अब्बांनी कपाटाला नवं कुलूप बसवून घेतलं, आणि माझ्या बांगड्या नि अम्मीने दिलेला हार त्यात ठेवून किल्ली मी पर्समध्ये घालून शाळेत नेऊ लागले. ती किल्ली आठवली की आजही लाज वाटते. सोनं कुलपात ठेवलं होतं आणि बाळ उघड्यावर.

पहिले दोन महिने फार सुखाचे गेले. फज्रला खाला उठायची. मी निघेपर्यंत पोळ्या झालेल्या असायच्या. संध्याकाळी परत यावं तर घर शांत आणि बाळ झोपलेलं. स्टाफरूममध्ये मी कौतुकाने सांगायची, माझं बाळ रडतच नाही. एक वयस्कर मॅडम म्हणाल्या होत्या, "या वयाचं पोर दिवसभर झोपतं?" मला त्यांचा राग आला. रात्री मात्र ते टक्क जागं असायचं, आणि रात्रीही खालाच त्याला घेऊन बसायची. मला वह्या तपासायच्या असायच्या, सकाळी शाळा असायची. ती बाई झोपते कधी, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

सप्टेंबरात एका दिवशी जोराच्या पावसामुळे शाळा दोनलाच सुटली. घरी आले तर खाला स्वयंपाकघरात चटईवर गाढ झोपलेली. बाळ पाळण्यात. उचललं तर मान लुळी. हाक मारली, गालावर पाणी लावलं, डोळे अर्धे उघडून पुन्हा मिटले. तोंडाला गोडसर वास येत होता. पाळण्याखाली चिकट चमचा आणि सर्दीच्या सिरपची बाटली. थोरलीला चाचींकडे ढकललं आणि पावसातच रिक्षा पकडली.

डॉक्टरांनी बाटली पाहिली. म्हणाले, यातल्या औषधाने गुंगी येते, इतक्या लहान बाळाचा श्वासही मंदावू शकतो, आजची रात्र इथेच ठेवा. अशा एका मिश्रणाच्या बाटल्यांवर चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी ताकीद छापायला सरकारने 2023 च्या डिसेंबरात सांगितलं. त्या वेळी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मग नर्सने केसपेपर लिहिताना विचारलं, "सांभाळणाऱ्या बाईचं पूर्ण नाव?"

मला सांगता आलं नाही. खाला. बस. गाव? विजापूरकडचं. विजापूरकडे गावं किती!

हजरत उमर (रजि.) यांच्याबद्दल एक रिवायत सांगतात. त्यांच्यासमोर एकाने दुसऱ्याच्या चांगुलपणाची ग्वाही दिली. त्यांनी विचारलं, तू त्याचा शेजारी आहेस का? त्याच्याबरोबर प्रवास केलास? पैशाचा व्यवहार केलास? तिन्हींना उत्तर नाही. मग उमर म्हणाले, म्हणजे तू त्याला फक्त मशिदीत नमाज पढताना पाहिलं आहेस, तू त्याला ओळखत नाहीस. ही गोष्ट मी इज्तिमात कितीदा ऐकली होती. त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर ती मला पहिल्यांदा समजली.

सकाळी बाळाने डोळे उघडले आणि दूध मागितलं. अल्लाहचा शुक्र. घरी आलो तर खाला पिशवी भरून उंबऱ्याशी बसलेली. मी खूप ओरडले. ती खालीच बघत म्हणाली, आधीच्या घरीही हेच द्यायचे, तिथल्या बाईंनीच शिकवलं होतं, पोर झोपलं की घरही झोपतं. मग म्हणाली, "तुमने पूछाच नहीं." आधीचं घर कुठलं, ते का सोडलं, यातलं मी काही विचारलं नव्हतं. माझी नानी सांगायची, गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्याला अफूची गोळी चाटवून पाळीला जायच्या. मुंबईच्या गिरण्यांतली ही हकिकत तर शंभर वर्षांपूर्वीच नोंदली गेली आहे. नानीच्या त्या बायकांची मला दया यायची. खालाची त्या दिवशी आली नाही.

ती निघून गेली. तिसऱ्या दिवशी मुलांच्या अब्बांनी चौकीवर जाऊन तक्रार द्यायचं ठरवलं. हवालदाराने फोटो, ओळखपत्र, पत्ता मागितला. आमच्याकडे काहीच नव्हतं. आणि कपाटातलं सोनं जिथल्या तिथे होतं.

मग मी बिनपगारी रजा टाकली. दिवाळीच्या सुट्टीत दुसरी बाई शोधली, दिवसापुरती, रात्री आपल्या घरी जाणारी. तिचं घर नई जिंदगी भागात, तिथे मी स्वतः जाऊन आले, तिच्या सुनेशी बोलले. आधीच्या दोन घरी फोन केले. एका घरातून कळलं की बाई उशिरा येते पण पोरांवर जीव टाकते. उशिरा येणं मला चाललं. "नीट सांभाळाल ना?" असं विचारून काही उपयोग नसतो, सगळ्याच हो म्हणतात. मी विचारलं, बाळ तासभर रडायचं थांबलं नाही तर काय करता? ती म्हणाली, "कडेवर घेऊन गल्लीत फिरते, तरी नाही थांबलं तर तुम्हाला फोन लावते." सुट्टीतले आठ दिवस ती माझ्यासमोर काम करत होती. ओळखपत्राची झेरॉक्स आणि फोटो घेतला, चौकीवर माहितीचा फॉर्म भरला. औषधं कुलपात गेली. बांगड्या बाहेर आल्या नाहीत, पण कपाटात जागा औषधांना आधी.

घरकामगारांसाठी राज्यात 2008 चा कल्याण मंडळाचा कायदा आहे आणि त्याखाली त्यांची नोंदणी होते, हे त्याच बाईमुळे कळलं. तिने माझ्याकडे दाखला मागितला, मी लिहून दिला. तिलाही माझी माहिती हवी होती: घरात पुरुष कोण असतो, सुट्टी कधी, आजारी पडले तर पगार कापणार का. आधी मला ते खटकलं. पण परक्या घरात पाऊल टाकणाऱ्या बाईने विचारू नये तर कुणी विचारावं?

सहशिक्षिका म्हणाली, मी कॅमेरा बसवते. बसव. 2016 मध्ये खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आयाने मारहाण केली, तेव्हा तिथे कॅमेरा होताच. आपण सगळ्यांनी ती चित्रं टीव्हीवर पाहिली, मार बसून गेल्यानंतर. त्यापेक्षा अधूनमधून न सांगता दुपारी घरी जा.

तिने सगळं वहीत उतरवून घेतलं. मग विचारलं, "आपा, त्या खालाचं पुढे काय झालं?"

माहीत नाही. सप्टेंबरचे तिचे बारा दिवस भरले होते. चार हजारांच्या हिशोबाने सोळाशे रुपये होतात. रागाच्या भरात आम्ही ते दिले नाहीत. मजुराचा घाम वाळायच्या आत मजुरी द्या, हे मीच मुलांना शिकवते. दर रमजानला जकातीचा हिशोब मांडताना ते सोळाशे आठवतात. जकातीत ते धरता येत नाहीत, ते तिचं देणं आहे. पाठवायचे तर कुठे, कुणाच्या नावाने?