आधीचे दोन, नंतरचे तीन

परदेशच्या सहलीचे छापील वेळापत्रक वाचताना एक गोष्ट नेहमी माझ्या ध्यानात येते. त्यातला पहिला दिवस हा खरा दिवस नसतो आणि शेवटचाही नसतो. पहिल्यापुढे विमानात चढल्याची नोंद असते, शेवटच्यापुढे विमानातून उतरल्याची. बारा दिवसांतून हे दोन वजा केले की उरतात दहा; आणि त्या दहांतला प्रत्येक दिवस न्याहारीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत दुसऱ्या कोणीतरी आखून दिलेला असतो. यात तक्रारीचे कारण नाही. पैसे आपण त्याचसाठी मोजतो. परंतु इतक्या दूर जाऊन आपल्या मर्जीचा एकही दिवस हाती लागू नये, याची रुखरुख राहते. तिच्यावर उपाय एकच: सहलीच्या आधी आणि नंतर स्वतःचे म्हणून काही दिवस जोडून घ्यावेत.

ही जोडण्याची कला सरकारी नोकराला शिकवावी लागत नाही. अर्जित रजेच्या मागेपुढे सुट्ट्या जोडण्याची मुभा नियमांनी दिली आहे, आणि त्या मुभेचा जितका सूक्ष्म अभ्यास आमच्या कचेऱ्यांतून होतो, तितका दुसऱ्या कुठल्याही नियमाचा होत नसावा. पाच दिवसांच्या रजेतून नऊ दिवस काढणारे गणिती प्रत्येक शाखेत सापडतात. मात्र हेच गृहस्थ परदेशच्या सहलीत नाव नोंदवतात, तेव्हा छापील तारखांना ब्रह्मलिखित मानून मोकळे होतात.

जुन्या यात्रेकरूंची रीत निराळी होती. वारकरी पालखीच्या प्रस्थानाआधीच आळंदीला पोचतो, इंद्रायणीत स्नान करतो, समाधीचे दर्शन घेतो आणि मग वाटेला लागतो. एकादशी झाली म्हणून तो लगेच पाठही फिरवत नाही. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला घेतो, तेव्हा त्याची वारी पुरी होते. काशीहून आलेल्या माणसाची यात्राही मावंदे घातल्याखेरीज संपत नसे. ज्या गोष्टीला मन लावायचे तिला आधी थोडी वाट लागते आणि नंतर थोडा उतार लागतो, हे त्या लोकांना न सांगता कळत होते.

गेल्या वर्षी पत्नी आणि मी पॅरिसला सुरू होऊन रोमला संपणाऱ्या एका सहलीत नाव नोंदवले आणि आधी दोन, नंतर तीन दिवस हवेत असे सांगितले. सहल कंपनीतला तरुण बुचकळ्यात पडला. "पण साहेब, त्या दिवसांत कार्यक्रम काहीच नाही," तो म्हणाला. पत्नीने शांतपणे उत्तर दिले, "म्हणूनच."

कार्यक्रम नसला तरी कागद मात्र असतात, आणि ते वेळीच जमवावे लागतात. समूहाच्या दराने काढलेल्या तिकिटांची परतीची तारीख सगळ्यांची एकच असते. ती बदलायची तर तिकिटे निघण्यापूर्वी सांगावे, नाहीतर विमानप्रवास वगळून केवळ तिथल्या सहलीचे पैसे भरावेत आणि आपले तिकीट आपण काढावे. विभागाची परदेशगमनाची परवानगी आणि रजेचा आदेश या दोहोंत हे जादा दिवस धरलेले असावेत. शेंगेन व्हिसा दिवस मोजून मिळतो आणि त्या मोजणीत पोचण्याचा व निघण्याचा दिवसही येतो. म्हणून अर्जाबरोबर जादा दिवसांचे हॉटेलचे आरक्षण जोडावे लागते आणि किमान ३०,००० युरोंचा विमा त्या दिवसांनाही पुरेल असा घ्यावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. विमानतळावरून ने-आण करणारी मोटार सहलीच्या दिवसापुरतीच असते, हेही विसरू नये. आणि वार पाहावेत. लूव्र मंगळवारी बंद, फ्लॉरेन्सचे उफीझी सोमवारी बंद, व्हॅटिकनची संग्रहालये महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. मोठ्या हौसेने जोडलेला दिवस बंद दारापाशी जाऊ नये.

पॅरिसचे पहिले दोन दिवस आम्ही काय केले, असे कोणी विचारले तर सांगण्यासारखे थोडेच आहे. सकाळी पोचलो, खोली दुपारनंतर मिळायची होती. सामान ठेवून लक्झेंबर्ग बागेत गेलो आणि तिथल्या हिरव्या लोखंडी खुर्च्यांवर बसल्या बसल्या झोपलो. उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते. दुसऱ्या दिवशी पहाटे अडीचला डोळे टक्क उघडले. शरीराच्या हिशेबी सहा वाजले होते. मग भुयारी रेल्वेचे तिकीट कसे काढायचे ते शिकलो, एकदा उलट दिशेने गेलो, पाव आणि फळे विकत घेतली, सेन नदीच्या काठाने पाय दुखेपर्यंत हिंडलो. तिसऱ्या दिवशी आमची मंडळी विमानतळावरून थेट बसमध्ये आली आणि बस थेट आयफेल मनोऱ्याकडे निघाली. खिडक्यांना टेकलेल्या माना पाहून मला त्यांच्याबद्दल वाईट वाटले. पाहणे ही शरीराचीही क्रिया आहे. शरीर मागे राहिले असेल तर डोळे एकटे काय करणार?

पुढचे दहा दिवस सहलीने आम्हाला सांभाळले. वेळेवर जेवण मिळाले, बॅगा उचलणारे हात मिळाले, बसमध्ये गाण्याच्या भेंड्या झाल्या, चार मराठी कुटुंबांशी ओळख झाली. फ्लॉरेन्सच्या वाट्याला तीन तास आले. टेकडीवरच्या चौकातून शहर दाखवण्यात आले, मग घुमटाचे मोठे देवालय आणि सिन्योरियाचा चौक, आणि मार्गदर्शिकेची उंचावलेली छत्री पुन्हा बसकडे वळली. मी घड्याळाकडे पाहिले नाही. परत यायचे आहे, हे मला ठाऊक होते.

रोमला निरोप झाले. एका काकूंनी उरलेला चिवडा आणि लिंबाचे लोणचे आमच्या हवाली केले. मंडळी विमानतळाकडे गेली आणि आम्ही दोघे बॅगा ओढत तेर्मिनी स्थानकावर आलो. दहा दिवस रोज चारचारदा आमची डोकी मोजली जात होती. आता मोजणारे कोणी नव्हते. त्या मोकळेपणात थोडी धास्तीही होती. दीड तासाच्या सुमारास गाडी फ्लॉरेन्सला पोचली.

शहराच्या पश्चिमेला आर्नो नदीच्या काठाने काशिने नावाचे लांबच लांब उद्यान आहे. सकाळी आम्ही त्याच्या एका टोकाला शिरलो आणि चालत दुसऱ्या टोकाला गेलो. तिथे मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते. त्या संगमापाशी एक छत्री उभी आहे. उन्हापावसाची नव्हे, आपल्याकडे राजेलोकांच्या समाधीवर असते तशी. तिच्याखाली राजवेषातल्या एका तरुणाचा अर्धपुतळा आहे. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. पुढे त्यांच्याच नावाने कोल्हापुरात राजाराम महाविद्यालय झाले. १८७० साली ते इंग्लंडला गेले, तिथला प्रवास आटोपून स्वदेशी परतत असता वाटेत आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वयाचे एकविसावे वर्ष चालू होते. त्या काळी इटलीत दहनाची रूढी नव्हती. खास परवानगी घ्यावी लागली आणि या संगमावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. चार वर्षांनी, १८७४ मध्ये, हे स्मारक उभे राहिले. पुतळा चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराचा आहे. महाराजांची प्रवासाची रोजनिशी १८७२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. जवळच १९७८ साली नदीवर मोठा पूल झाला, त्यालाही फ्लॉरेन्सचे लोक भारतीयाचा पूल असेच म्हणतात. मोटारी भरधाव जातात. तो भारतीय कोण, हे त्यांतल्या कितीजणांना माहीत असेल?

नोकरीच्या निमित्ताने उत्तरेतल्या जुन्या छावण्यांची कबरस्थाने मी पुष्कळ पाहिली आहेत. विशी-पंचविशीत तापाने गेलेले गोरे अंमलदार तिथे झोपलेले असतात, आणि त्यांच्या गावांची नावे वाचताना मन क्षणभर थबकते. पंचगंगेच्या काठचा एक मुलगा आर्नोच्या काठी राहून गेलेला पाहताना मात्र थबकणे क्षणभराचे नव्हते. आपणही घरापासून लांबच आयुष्य काढले, ही जाणीव तिथे एकदम अंगावर आली. पत्नीने पायऱ्या उतरून ओंजळीत पाणी घेतले, डोळ्यांना लावले आणि म्हणाली, "संगम आहे." मग आम्ही तासभर तिथे बसलो. कुणाची शिट्टी वाजली नाही.

तो तास मला सहलीत मिळाला नसता, आणि माझ्या नोकरीतही तसा तास कधी मिळाला नाही. एकतीस वर्षांत आठ बदल्या झाल्या. बदलीनंतर रुजू होण्यासाठी नियमाने दहा ते पंधरा दिवस मिळतात, पण ते खोकी बांधण्यात आणि सोडण्यात सरतात. सकाळी कार्यभार सोपवावा, संध्याकाळी शाल-नारळ घ्यावा, रात्रीची गाडी गाठावी, अशा रीतीने आम्ही आठ गावे सोडली. आम्ही तिथे राहिलो, राबलो, मुले शिकवली. परंतु कामाशिवाय त्या गावात एक दिवस राहून त्याचा निरोप घ्यावा, अशी सोय कुठल्याही आदेशात नव्हती.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन. सरकारी घर काही महिने ठेवता येते. मुलगा म्हणतो, शेवटच्या तारखेलाच सामान हलवा आणि पुण्याला या. आम्ही सामान आधी पाठवणार आहोत आणि आम्ही आठवडाभर इथेच राहणार आहोत. नदीपलीकडे एक लहानसे देऊळ आहे. तीन वर्षे मी ते कचेरीच्या खिडकीतून पाहतो आहे. तिथवर कोणत्या वाटेने जातात, ते चौकीदाराला विचारून ठेवले आहे.